अश्लील व्हिडिओंच्या सवयीतून सुटण्याची साक्ष

आमच्या चर्चच्या मंडळीत दारू सुटल्याची साक्ष मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. कुणी उभं राहून सांगतं, अमुक सभेत प्रभूनं मला स्पर्श केला आणि त्या संध्याकाळपासून मी बाटलीला हात लावला नाही. मंडळी हालेलूया म्हणते, तो माणूस डोळे पुसत खाली बसतो. त्या साक्षींबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यातल्या काहींचे संसार सावरताना मी पाहिले आहेत. पण अश्लील व्हिडिओंच्या सवयीतून बाहेर आलो, अशी साक्ष मी एकदाही ऐकली नव्हती. त्यामुळे वर्षानुवर्षं मला वाटत राहिलं की हे फक्त माझ्याच वाट्याला आलंय, आणि ज्या देवानं त्यांना एका संध्याकाळी सोडवलं त्यानं माझ्याकडे पाठ फिरवली आहे. म्हणून ही साक्ष मी लिहून ठेवतो आहे. ती एका संध्याकाळची नाही.

मी नागपूरचाच, उत्तर नागपुरात वाढलेला. आजोबांपासून घर ख्रिस्ती. आजोबा संडे स्कूल घ्यायचे, आई महिला मंडळात. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी हिशेब विभागात आहे. बायको शाळेत शिकवते, आम्हाला एक मुलगा आहे. रविवारी मी गायनवृंदात उभा असायचो. बाहेरून पाहणाऱ्याला यात काही खोट दिसली नसती.

सुरुवात कॉलेजात असताना झाली, बर्डीवरच्या सायबर कॅफेत, जिथे प्रत्येक कॉम्प्युटरभोवती प्लायवूडचा आडोसा असायचा. तेव्हा निदान पैसे लागायचे, बाहेर जावं लागायचं, कुणी पाहील ही भीती असायची. २०१६च्या शेवटी मोबाइल डेटा एकदम स्वस्त झाला आणि ते सगळे अडसर गेले. ऑक्टोबर २०१८मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर दूरसंचार विभागानं ८२७ संकेतस्थळं बंद करायला लावली, तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता. वाटलं, मला जे लावता येत नव्हतं ते दार सरकारनंच लावलं. काही दिवसांतच मी दुसऱ्या वाटा शोधल्या होत्या. बंदी वाईट होती असं मी म्हणत नाही. ओढ आत होती, आणि तिच्यापर्यंत कुठलीच बंदी पोचत नव्हती.

मी प्रार्थना करत नव्हतो असं नाही. प्रत्येक वेळी करायचो. रात्री सगळे झोपल्यावर ते व्हायचं, मग बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारून हॉलमध्ये येऊन गुडघ्यावर बसायचो. बायबलमधलं ५१वं स्तोत्र, दावीद राजाच्या पश्चात्तापाचं, मला तोंडपाठ होतं. ‘हे देवा, माझ्या ठायी शुद्ध हृदय उत्पन्न कर’ म्हणताना खरंच रडू यायचं. रडलो की हलकं वाटायचं, आणि हलकं वाटलं की कुणाला सांगायची गरज उरायची नाही. आज मागे वळून पाहताना मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. माझ्या प्रार्थना खऱ्या होत्या, पण त्या मी एकट्यानं, अंधारात करत होतो, आणि त्यांच्या आड मी स्वतः लपून राहत होतो. सवय आणि पश्चात्ताप दोन्ही एकाच खोलीत, दार लावून चालले होते.

एकदा एका पाळकांजवळ, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंजवळ, तोंड उघडायचा प्रयत्न केला होता. ‘वाईट विचार येतात’ एवढंच म्हणालो. त्यांनी दर शुक्रवारी उपवास करायला सांगितलं आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण शुक्रवारी उशिरा, उपाशी पोटी, महिनाअखेरच्या कामानं शिणून घरी यायचो आणि नेमक्या त्याच रात्री घसरायचो. उपवास करूनही पडतो म्हणजे आपला विश्वासच खोटा, असं वाटायला लागलं. मग मी प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घेणं बंद केलं. रांग पुढे सरकायची तेव्हा मी वाद्यांच्या वायरी गुंडाळत बसायचो.

हे आमच्या मंडळीतल्या एका वयस्कर गृहस्थांच्या लक्षात आलं. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणतो. रेल्वेतून निवृत्त झालेले, दारू सोडून त्यांना बरीच वर्षं झालीत आणि अजूनही ते अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकांना जातात. एका रविवारी उपासनेनंतर त्यांनी मला तर्री पोह्याच्या ठेल्यावर नेलं. प्लेटी हातात आल्यावर म्हणाले, “काऊन रे, प्रभुभोजनाला पुढे येत नाही तू आजकाल?”

मी काहीतरी कारण सांगितलं. ते म्हणाले, “मी पण कित्येक वर्षं मागच्याच बाकावर बसत होतो. मले माहीत आहे ते.” आणि गप्प बसले. पुढचं काही विचारलं नाही.

माझ्या प्लेटीतली तर्री थंड होऊन तिच्यावर लाल तेलाचा थर बसला, तोवर मी तसाच उभा होतो. मग बोललो. जे वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं ते मी रस्त्याच्या कडेला, हॉर्नच्या आवाजात, खालच्या आवाजात सांगितलं. काकाजींच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, “बायकोला माहीत आहे?” मी नाही म्हणालो. “डॉक्टरला दाखवलं?” नाही. “बरं. पोहे खाऊन घे आधी.”

नंतर त्यांनी मला समजावलं. अ‍ॅनॉनिमसची चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, आणि तिच्या बारा पायऱ्यांमधली पाचवी अशी आहे की आपल्या चुकांचं नेमकं स्वरूप देवाजवळ, स्वतःजवळ आणि दुसऱ्या एका माणसाजवळ कबूल करायचं. काकाजींचं म्हणणं, पहिल्या दोन ठिकाणी सगळेच कबूल करतात, गाडी अडते ती तिसऱ्या ठिकाणी. मग त्यांनी याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय काढून दाखवला. बरे व्हावे म्हणून एकमेकांजवळ पापं कबूल करा, एकमेकांसाठी प्रार्थना करा, असं तिथे सरळ लिहिलेलं आहे. मी तो अध्याय कितीतरी वेळा वाचलेला होता. आजाऱ्यासाठी मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, एवढाच भाग माझ्या लक्षात राहिला होता.

डॉक्टरकडे जायला मी तयार नव्हतो. धंतोलीत दवाखान्यांची इतकी गर्दी आहे की मंडळीतलं कुणी ना कुणी तिथे नोकरीला असतंच. मानसोपचारतज्ज्ञाच्या पाटीखाली आपल्याला कुणी पाहिलं तर, ही भीती मला पापाच्या भीतीपेक्षा मोठी वाटत होती. शेवटी काकाजी स्वतः सोबत आले. कडबी चौकातून मेट्रोत बसलो, काँग्रेस नगरला उतरलो. आत जाईपर्यंत ते त्यांच्या नातवाबद्दलच बोलत राहिले.

डॉक्टर हिंदू, मध्यम वयाच्या बाई. विश्वासाचा विषय त्या उडवून लावतील, किंवा ‘हे नॉर्मल आहे, फार विचार करू नका’ म्हणतील, या तयारीनं मी गेलो होतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि माझी सगळी मांडणी बदलली. “तुम्ही पाप वाटतं म्हणून आलात, की थांबवता येत नाही म्हणून?”

मी म्हणालो, दोन्ही. त्या म्हणाल्या, मग दोन्ही वेगवेगळं पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२पासून लागू झालं, अशा अनिवार लैंगिक वर्तनाची नोंद आवेगांवर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये आहे. त्यात त्या काय पाहतात हे त्यांनी सोप्या भाषेत सांगितलं. सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ ओढ आवरत नाही, तब्येत, काम, घर याकडे दुर्लक्ष होतं, थांबवायचे प्रयत्न पुन्हापुन्हा फसतात, समाधान मिळेनासं झालं तरी माणूस करतच राहतो, आणि या सगळ्यानं त्याला मोठा त्रास होतो किंवा त्याचं आयुष्य अडतं. पण त्याच वर्गीकरणात असंही स्पष्ट म्हटलं आहे की त्रास केवळ नैतिक अपराधीपणातून येत असेल, तर तेवढ्यावरून हा विकार ठरवायचा नाही. म्हणजे कधीतरी काही पाहिलं आणि मन खात राहिलं, एवढ्यानं कुणी आजारी ठरत नाही. अशा माणसाला पाळक हवा असेल, औषधोपचार नको. माझ्या बाबतीत ताबा सुटलेला होता, झोप गेली होती, आणि शिवाय बऱ्याच दिवसांपासूनचं नैराश्य होतं, जे मी आध्यात्मिक कोरडेपणा समजत होतो. नैराश्यासाठी त्यांनी गोळी सुरू केली आणि त्यांच्याकडच्या समुपदेशकाकडे दर आठवड्याला यायला सांगितलं.

विश्वासणाऱ्यांनी हा फरक नीट समजून घ्यावा असं मला फार वाटतं. मला आधी कळलं असतं की यातला एक प्रश्न वेदीपुढे न्यायचा आणि दुसरा दवाखान्यात, तर मी दोन्हीकडे आधीच गेलो असतो. डॉक्टरांनी माझ्या देवाला हात लावला नाही. उलट त्या म्हणाल्या, तुमची प्रार्थना चालू ठेवा, फक्त ती ओढ ओसरून गेल्यावर करता तशी ओढ आली असताना करून बघा. इतकी वर्षं चर्चमध्ये काढूनही हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

समुपदेशकानं वही करायला लावली. मी हिशेबाचाच माणूस, रकाने आखायला जड गेलं नाही. तारीख, वेळ, कुठे होतो, जेवलो होतो का, त्याच्या आधी काय घडलं, मनात काय होतं, मग काय केलं. पहिले काही आठवडे ‘मनात काय होतं’ या रकान्यात मी सारखं ‘वासना’ लिहीत होतो. समुपदेशक तरुण मुलगा, माझ्याहून लहान, पण मला सोडायचा नाही. “सर, वासना सात वाजता नव्हती, अकराला आली. मधे काय झालं?” मधे काय झालं ते शोधायला लागलो तसा रकाना बदलला. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं. आईच्या औषधांवरून बहिणीशी वाद झाला. बायको दमून लवकर झोपली आणि दिवसभरात आपण कुणाशी काहीच बोललो नाही हे लक्षात आलं. वहीचं पान पान तेच सांगत होतं की मला बहुतेक वेळा सोबत हवी असायची, आणि सोबत मागायची मला सवयच नव्हती.

तलफ आली की करायचं काय, हेही ठरवून दिलं होतं. ती येते, चढते आणि तिला खतपाणी घातलं नाही तर बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत उतरते. तेवढा वेळ काढायचा. फोन हॉलमध्ये चार्जिंगला, झोपायच्या खोलीत नाही. पोटात काहीतरी असू द्यायचं. काकाजींना फोन करायचा, कितीही वाजले असोत. ते झोपेतून उठून म्हणायचे, “हं, बोल, जागाच आहो.” कधी एखादं स्तोत्र वाचून दाखवायचे, कधी निव्वळ क्रिकेटवर बोलायचे. अश्लील साइट अडवायची जी सोय फोनमध्ये केली होती तिचा पासवर्ड त्यांच्याकडे होता. तो बायकोकडे ठेवायचा नाही, हे समुपदेशकानं बजावून सांगितलं होतं, आणि का ते पुढे कळलं.

बायकोला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. कसं सांगायचं याची तयारी करून घेतली होती. काय काय पाहिलं याची वर्णनं द्यायची नाहीत, पण किती काळापासून आहे ते खरं सांगायचं. अर्धं आज, अर्धं पुढच्या महिन्यात, असं करायचं नाही. तिला दोष जाईल असं एकही वाक्य बोलायचं नाही. मी सांगितलं. ती उठली आणि मुलाच्या खोलीत जाऊन झोपली. बरेच दिवस तिथेच झोपत होती. घरात बोलणं फक्त शाळेचा डबा आणि गॅस सिलिंडर एवढ्यापुरतं उरलं.

मग एका रात्री तिनं विचारलं, “माझ्यात काय कमी होतं?” मी म्हणालो, काहीच नाही, हे तू माझ्या आयुष्यात यायच्या आधीपासूनचं आहे. तिला ते पटायला वेळ लागला. आणखी एक प्रश्न तिनं विचारला, जो मी आजही विसरू शकत नाही. मी टेबलाशी बसून ५१वं स्तोत्र वाचत होतो. ती मागून आली, पानावर बोट ठेवून म्हणाली, “इथे लिहिलंय, तुझ्याविरुद्ध, तुझ्याविरुद्धच मी पाप केलं आहे. देवाविरुद्ध झालं ना? मग माझ्याविरुद्ध काय झालं? आणि त्या उरीयाविरुद्ध?” उरीया म्हणजे ज्याची बायको दाविदानं घेतली आणि ज्याला लढाईत मारवलं तो; त्याच पापानंतरचं हे स्तोत्र. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात आमच्या आत्ताच्या पाळकसाहेबांना मी तोच प्रश्न विचारला. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, वहिनी बरोबर विचारताहेत. देवाची क्षमा मिळाली म्हणून माणसाचं देणं फिटत नाही. जक्कय नावाच्या जकातदारानं येशूला घरी घेतलं आणि लगेच ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देईन म्हणाला. तुम्ही त्यांच्याकडे क्षमेची घाई करू नका. तुमचं काम खरं राहणं, क्षमा कधी करायची ते त्या ठरवतील.

पाळकसाहेबांनी आणखी एक शिकवलं. पडद्यावर जी बाई दिसते तिच्यासाठी प्रार्थना करा, म्हणाले. ती कुणाची मुलगी आहे, तिथे स्वतःच्या मर्जीनं आहे की कुणी आणलीय, तिला नंतर पैसे मिळाले का, हे आपल्याला माहीत नसतं. देवानं माणूस आपल्या प्रतिरूपाचा केला, हे उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे, आणि ते तिलाही लागू आहे. तोवर माझा सगळा पश्चात्ताप माझ्याच भोवती फिरत होता, माझी शुद्धता, माझा डाग. त्या प्रार्थनेनं मला पहिल्यांदा दुसरं माणूस दिसलं. माझ्या मते ओढीचा जोर खऱ्या अर्थानं तिथून कमी व्हायला लागला.

मी मधे पडलोही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात खूप छान चाललं होतं, आणि ईस्टर झाल्यावर आठवड्याभरात, सगळी लगबग संपल्यावर, घसरलो. वाटलं, संपलं सगळं. काकाजींनी मार्काचा आठवा अध्याय वाचायला लावला. बेथसैदाच्या आंधळ्याला येशू गावाबाहेर नेतो, डोळ्यांवर हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? तो म्हणतो, माणसं दिसतात, पण झाडांसारखी, चालताना. मग येशू पुन्हा हात ठेवतो आणि त्याला स्पष्ट दिसायला लागतं. प्रभूच्या हातानंही एक माणूस दोन टप्प्यांत बरा झाला, आणि त्याला पहिल्या टप्प्यावर अर्धवट दिसतं हे खरं सांगितल्याबद्दल कुणी रागावलं नाही. मी त्या रात्रीचं वहीत लिहिलं, बायकोला दुसऱ्याच दिवशी सांगितलं आणि समुपदेशकाकडे गेलो. आधी अशा एका रात्रीनंतर मी महिनोन्‌महिने वाहवत जायचो. या वेळी तसं झालं नाही.

बायको स्वतंत्रपणे एका समुपदेशक बाईंकडे जात होती. याचा उल्लेख मी मुद्दाम करतो, कारण आमच्याकडे नवरा सुधारला की बायकोचं आपोआप बरं होतं असं धरून चालतात. तिचा राग, तिची झोप, तिचा विश्वास, सगळ्याला तिचा वेगळा वेळ लागला. सुरुवातीला ती माझा फोन रोज तपासायची. काही महिन्यांनी एक दिवस फोन माझ्या हातात ठेवून म्हणाली, “मला तुमची पहारेकरीण होऊन जगायचं नाही. खोटं बोललात तर तुमचं तुम्ही पाहा. मला बायको म्हणून राहायचंय.” पासवर्ड तिच्याकडे का ठेवायचा नाही, ते मला त्या दिवशी समजलं.

आता शनिवारी संध्याकाळी आम्ही काही पुरुष चर्चच्या मागच्या खोलीत बसतो. कुणाचा तंबाखूचा खर्रा, कुणाचा ऑनलाइन जुगार, आणि माझ्यासारखे माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त. नियम थोडे आहेत. तपशील सांगायचे नाहीत, उपदेश करायचा नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही. याला एक अपवाद पहिल्याच दिवशी सांगितला जातो. लहान मुलाला इजा झाल्याचं किंवा होण्याची भीती असल्याचं कळलं तर ते आम्ही झाकणार नाही. मुलांच्या लैंगिक शोषणाबाबत तर पॉक्सो कायद्यानं, २०१२ सालापासून, पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि प्रार्थनेच्या नावाखाली असं काही दाबणं हे आणखी मोठं पाप आहे. स्त्रियांसाठी अशी जागा अजून नाही. हीच सवय स्त्रियांनाही असते, आणि त्यांना बोलणं पुरुषांपेक्षा कितीतरी अवघड जातं. पाळकसाहेबांच्या पत्नी दोन-तीन जणींशी बोलताहेत, बघू.

कुणी पहिल्यांदा येतो तेव्हा मी त्याला आधी झोप कशी आहे, जेवण वेळेवर होतं का, ते विचारतो. जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं तर थांबत नाही, लगेच डॉक्टर. रात्र असेल तर टेली-मानसचा १४४१६ लावून देतो, तो सरकारचा मोफत क्रमांक आहे आणि मराठीतही बोलता येतं. पैशांची अडचण असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात सोबत जातो, जसे काकाजी माझ्यासोबत आले होते.

पाळकसाहेबांनी मला रविवारी उभं राहून साक्ष द्यायला सांगितलं होतं. मी बायकोला विचारलं. ती म्हणाली, मंडळीसमोर आत्ता नको, मुलगा शाळेत जातो, लोक बोलतात. लिहायचं असेल तर लिहा, नाव न घालता. आणि मी पण उपचार घेतले, तेही त्यात आलं पाहिजे. लिहून झाल्यावर तिला वाचायला दिलं. तिनं दोन ठिकाणी खोडलं, एक वाक्य स्वतः घातलं, आणि मग हे बाहेर जाऊ दिलं.